कणगी नसलेलं घर: सिदामाच्या खेड्यात दिवस कसा चालतो

दक्षिण इथिओपियात हवासा शहर मागे टाकून आग्नेयेकडचे डोंगर चढायला लागलं की सिदामा लोकांची गावं सुरू होतात. घरं एकमेकांना खेटून नसतात. प्रत्येक घर आपापल्या परसात, आणि परस इतकं गच्च हिरवं की पायवाटेवरून छपराचा शेंडा तेवढा दिसावा. नवख्या माणसाला वाटतं, केळीच्या बागा आहेत. पण ही उंची अडीच हजार मीटरच्या घरातली, म्हणजे कळसूबाईच्या दीडपट, आणि रात्री बोचरी थंडी. इतक्या वर केळीचा निभाव लागणं कठीण. ती झाडं एन्सेटची असतात.

या घरांतून धान्याची कणगी शोधत फिरलात तर हाती फारसं काही लागणार नाही. मका, बार्ली, घेवडा, पालेभाजी थोडीथोडी लावलेली असते, पण जुन्या वळणाचं घर त्यांच्या जिवावर उभं नसतं. ते उभं असतं परसातल्या एन्सेटवर. पेरणी आणि सुगी ज्यांच्या अंगवळणी पडली आहे अशा आपल्यासारख्यांना हे चटकन उमगत नाही. सुगी नाही, खळं नाही, दाणा नाही, तरी घर वर्षभर जेवतं. ते कसं जेवतं आणि त्यासाठी घरातल्या कोणाला किती राबावं लागतं हे कळलं, की त्या गावातलं बाकीचं जगणंही बरंचसं उलगडतं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ‘आफ्रिकेतलं खेडं’ अशी एकच एक वस्तू नाही. साहेलच्या कोरड्या पट्ट्यातलं बाजरी पिकवणारं गाव, उत्तर केनियात उंट-शेळ्यांमागे हिंडणारी तुर्काना कुटुंबं आणि सिदामाचं हे डोंगरी परस, यांचं खाणंपिणं, घर, देवधर्म, काही म्हणता काही सारखं नाही. पन्नासहून जास्त देशांचा खंड आपण एका चित्रात कोंबतो आणि ते चित्र बहुतेक वेळा उपासमारीचं असतं, याचा मला मनापासून त्रास होतो. म्हणून इथे एकच प्रदेश, एकच समाज.

झाड आणि त्याचं गणित

एन्सेट केळीच्याच कुळातली. पान तसंच, खोड तसंच, फक्त सगळं अधिक थोराड. फळ मात्र टणक काळ्या बियांनी भरलेलं असतं, त्यात खाण्याजोगा गर नसल्यात जमा. खायचं असतं ते खोड आणि जमिनीतला कंद. खोड म्हणजे तरी काय, एकावर एक घट्ट बसलेली सोपटं. त्यांच्या आत झाड वर्षानुवर्षं पिष्ट साठवत राहतं. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यांवर उगवणारी कवदर, कुठे तिला चवेणी म्हणतात, कुठे नुसतं रानकेळ, ती याच एन्सेट वंशातली. आपल्याकडे ती रानात राहिली. आफ्रिकेतही रानटी एन्सेट इथिओपियापासून थेट दक्षिणेपर्यंत सापडते, पण तिला घराशेजारी आणून मुख्य पीक बनवलं ते फक्त इथिओपियातल्या शेतकऱ्यांनी. आज सिदामा, गुरागे, गेदेओ, गामो, हडिया अशा अनेक समाजांतली मिळून सुमारे दोन कोटी माणसं कमीअधिक प्रमाणात तिच्यावर जगतात. सिदामाला लागून असलेल्या गेदेओ लोकांच्या एन्सेट, कॉफी आणि उंच सावलीच्या झाडांनी भरलेल्या डोंगरउतारांना २०२३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला.

आता गणित. ज्वारी किंवा गहू वर्षातून ठरावीक वेळी हाती येतो. पाऊस ऐन मोक्याच्या पंधरवड्यात दगा देऊन गेला की त्या वर्षाचं पीक गेलं, आणि पुढच्या सुगीपर्यंत वाट बघण्यावाचून गत्यंतर नाही. एन्सेटला पक्व व्हायला चार ते सात वर्षं लागतात, थंड उंचावर त्याहून जास्त. ऐकायला ही गैरसोय वाटते. पण याच संथपणात तिची ताकद आहे. परसात एकाच वेळी एका वर्षाची, दोन वर्षांची, पाच वर्षांची अशी सगळ्या वयांची झाडं उभी असतात. एखादं वर्ष कोरडं गेलं तर त्यांची वाढ मंदावते, ती मरत नाहीत. आणि कापायला ठरावीक महिना नाही. घरात अन्न संपत आलं, की जे झाड तयार आहे ते कापायचं. फार नड पडली तर अर्ध्या वयाचंही कापता येतं. अन्न कमी मिळतं, पण मिळतं.

एन्सेट आयुष्यात एकदाच फुलते आणि मग मरते. फुलायच्या सुमाराला खोड आणि कंद पिष्टाने सर्वांत भरलेले असतात, त्यामुळे जाणत्या घरात झाड तिथवर वाढू देतात. कोणत्या घराकडे किती मोठी झाडं शिल्लक आहेत यावरून गावाला त्या घराची ऐपत कळते. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या आणि इथिओपियातल्या संशोधकांनी या पिकावर बरंच काम केलं आहे. त्यांच्या अंदाजाने एका माणसाला वर्षभर पुरेल इतकं अन्न साधारण पंधरा झाडांतून निघतं. जेमतेम अर्धा हेक्टर जमीन असलेली कुटुंबंही या डोंगरांत पिढ्यान् पिढ्या कशी टिकली, याचं उत्तर या आकड्यात आहे. आफ्रिकेतल्या ग्रामीण भागांत लोकवस्ती सर्वांत दाट असलेल्या प्रदेशांपैकी हा एक आहे.

लागवडीची रीतही बघण्यासारखी. केळीला मुनवे आपोआप फुटतात, एन्सेटला सहसा फुटत नाहीत. मग शेतकरी दोन-चार वर्षांचं झाड कंदाच्या जरा वर छाटतो, मधला वाढीचा कोंब कोरून काढतो आणि कंद माती-शेणाखाली पुरून ठेवतो. वरचा रस्ता बंद झाल्यावर कंदाच्या चहूबाजूंनी कोंब येतात, एकेका कंदाला पन्नास-शंभरसुद्धा. वर्षभराने ते सुटे करून लावायचे. हे काम पुरुषांचं. एका परसात सात-आठ, कधी डझनभर वाण असतात आणि प्रत्येकाला नाव असतं. कुठला आंबवून खायला चांगला, कुठल्याचा कंद नुसता उकडून गोड लागतो, कुठल्याचा वाख चिवट, कुठला मोडलेलं हाड सांधायला माणसाला खाऊ घालायचा, हे सगळं घरातल्यांना तोंडपाठ.

शेण, दूध आणि सकाळ

सिदामाचं पारंपरिक घर बांबू विणून केलेलं, गोल, उपड्या टोपलीच्या आकाराचं. आत एक बाजू माणसांची, दुसरी गुरांची. रात्री गुरं आत असतात ती चोराचिलटाच्या आणि तरसाच्या भीतीने, थंडीसाठी, आणि एका तितक्याच महत्त्वाच्या कारणाने: त्यांचं शेण वाया जाऊ द्यायचं नसतं.

सकाळ उजाडते ती शेणानेच. घरातली बाई आणि मोठी मुलं गोठ्याची बाजू साफ करतात आणि शेण, मूत, उरलेला चारा असं सगळं टोपल्यांतून एन्सेटच्या बुंध्याशी नेऊन टाकतात. रोज, न चुकता. त्यामुळे घराला लागून असलेली झाडं सर्वांत जोमदार, आणि जसजसं कुंपणाकडे जावं तसतशी खुरटी. वर्षानुवर्षं शेण पडून घराभोवतीची माती काळीभोर होते. एन्सेट एकाच जागी पिढ्यान् पिढ्या घेतली तरी जमीन थकत नाही त्याचं हेच कारण. रुंद पानं पावसाचा मार अडवतात, गळलेला पाला जमिनीवर पसरतो, आणि डोंगरउतार असूनही माती धुपून जात नाही.

उन्हाळ्यात गवत वाळलं की हीच एन्सेट गुरांना पान देते, आणि पानात पाणी भरपूर असतं. गाय झाडाला खत देते, झाड गायीला चारा. आणि माणसाला तर गायीची त्याहून मोठी गरज. एन्सेटच्या अन्नात पिष्ट आहे, प्रथिनं अगदीच जेमतेम. नुसत्या एन्सेटवर पोट भरतं पण मूल वाढत नाही. ती कसर दूध, लोणी, घेवडा आणि हिरवी पालेभाजी भरून काढतात. म्हणून ज्याच्याकडे गाय नाही तो दुसऱ्याची गाय अर्धलीने सांभाळतो: दूध आणि शेण सांभाळणाऱ्याचं, वासरांत वाटा मूळ मालकाचा. बाहेरच्याला वाटतं हा दुधासाठी केलेला व्यवहार आहे. सिदामाच्या शेतकऱ्याच्या हिशेबात शेणाचं वजन दुधाइतकंच आहे.

पाणी आणणं, चूल पेटवणं, कॉफी. कॉफी या लोकांच्या परसातलीच, एन्सेटच्या आणि मोठ्या झाडांच्या सावलीत वाढलेली. जगभरच्या कॉफीच्या दुकानांत ‘सिदामो’ नावाने विकली जाते ती याच पट्ट्यातून जाते. उंच थंड गावांत कॉफी येत नाही, तिथे ती खालच्या गावांतून बाजारात येते, आणि वरचं लोणी, बांबू आणि आंबवलेलं एन्सेट खाली जातं.

झाड कापायचा दिवस

हे काम बायकांचं. पुरुषाने त्या जागी फिरकणंसुद्धा जुन्या रीतीत कमीपणाचं मानलं जाई. एका झाडाला एक बाई पुरत नाही म्हणून शेजारणी, जावा, नणंदा एकत्र येतात आणि आज हिच्याकडे, परवा तिच्याकडे असं काम फिरतं.

आधी पानं उतरवायची. ती फेकायची नसतात, पुढच्या प्रत्येक टप्प्याला लागतात. जमिनीवर ताज्या पानांचा जाड थर पसरतात, कारण आता जे काही पडेल त्याला माती लागता कामा नये. मग बुंध्याभोवतीची माती उकरून झाड आडवं करायचं आणि सोपटं एकेक करून सोलून काढायची. बाहेरची वाळकी बाजूला, आतली पांढरी, रसरशीत कामाची.

एक फळी उभ्या झाडाच्या खोडाला तिरकी टेकवलेली असते. बाई तिच्यासमोर पानांवर बसते, सोपट फळीवर ठेवते आणि एक पाय वर उचलून टाचेने त्याचं वरचं टोक फळीशी दाबून धरते. दोन्ही हातांत बांबूची धारदार चीप. ती वरून खाली दाबून ओढायची. पांढरा ओला गर निघून खाली पानांवर पडतो, रस निथळतो, आणि फळीवर उरतात लांबच लांब दोरे. तो वाख धुऊन वाळत घालतात. दोर, गोणपाट, चटया, बाजारात विकायच्या जुड्या, सगळं त्यातून होतं. मग पुढचं सोपट. पाय तसाच वर. एका मोठ्या झाडाला अशी कितीतरी सोपटं असतात आणि एका खेपेला एकच झाड कापलं जातं असंही नाही. दिवसभर हे चालतं. कंबर, मांडी, खांदे भरून येतात, रसाने हाताला खाज सुटते. कंद वेगळा काढून दातेरी लाकडी अवजाराने कुटून त्याचा चुरा करतात आणि तो गरात मिसळतात.

गर पिळून निघालेलं पांढुरकं पाणीही सांडून देत नाहीत. पानांनी मढवलेल्या खळग्यात ते साठवतात, तळाला साका बसतो, वरचं पाणी ओतून टाकतात. हा साका म्हणजे बुल्ला, एन्सेटचं सर्वांत शुद्ध पिष्ट. तो थोडाच निघतो, म्हणून बाळंतिणीसाठी, आजाऱ्यासाठी, पाहुण्यासाठी राखून ठेवतात.

उरलेला गर खड्ड्यात जातो. खड्ड्याला आतून पानांचं अस्तर, वर पानं, त्यावर दगड. आधीच्या खेपेतला किंवा मुद्दाम कुजवलेल्या कंदाचा थोडा भाग विरजणासारखा घालतात. पहिल्यांदा त्यात जे जीवाणू कामाला लागतात त्यांतला प्रमुख ल्युकोनॉस्टॉक, म्हणजे इडलीचं पीठ फुगवणाराच. पुढे आंबटपणा वाढला की लॅक्टोबॅसिलस जातीचे जीवाणू ताबा घेतात. आम्ल वाढत जातं आणि त्यात सडवणारे जंतू तग धरू शकत नाहीत. उष्ण भागात काही आठवड्यांत गर तयार होतो, थंडीत महिने लागतात. मधूनमधून खड्डा उघडून मळायचा, जुनी पानं काढून नवी घालायची, पुन्हा बंद. नीट राखलेला खड्डा वर्ष-दोन वर्षंही अन्न टिकवतो. वीज नाही, शीतपेटी नाही, मीठसुद्धा नाही.

तयार झालेल्या या अन्नाला सिदामा वासा म्हणतात, इथिओपियात इतरत्र कोचो. लागेल तेवढं खड्ड्यातून काढायचं, पाणी पिळायचं, राहिलेले दोरे तुटावेत म्हणून सुऱ्याने पुन्हा पुन्हा बारीक चिरायचं, आणि एन्सेटच्याच पानात गुंडाळून मातीच्या खापरावर भाजायचं, किंवा मोकळं परतायचं. वास उग्र, चव आंबट. सोबत दूध, ताक, पालेभाजी, असलं तर लोणी. सणासुदीला वासा किंवा बुल्ला भरपूर लोणी-दूध घालून शिजवतात, त्याचं नाव बुरिसामे. ते शाफेता नावाच्या मोठ्या मातीच्या भांड्यात वाढतात आणि सगळे त्याभोवती बसून एकत्र खातात.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट म्हणावीशी वाटते. एन्सेटची स्तुती करणाऱ्या बऱ्याच लिखाणात झाड दिसतं, बाई दिसत नाही. दुष्काळात घर तारणारं झाड खरं, पण कच्चं सोपट कोणी खाऊ शकत नाही. झाड आणि जेवण यांच्यामध्ये एका बाईचा उचललेला पाय आणि दोन हात आहेत. पूर्वी इथिओपियाच्या शेतीखात्याचं लक्ष तेफ, गहू, मका या धान्यांकडे राहिलं आणि एन्सेट मागे पडली. ती बाजारात कमी येत होती, तिचं निम्मं काम घराच्या मागे, बायकांच्या हातांनी होत होतं, आणि असं काम हिशेबात धरायची सवय सरकारांना नसते. याची दुसरी बाजूही आहे. कापणी बाईच्या हातात असल्याने खड्ड्यातलं अन्न तिच्या ताब्यात असतं. जास्तीचा वासा आणि लोणी ती बाजारात विकते आणि तो पैसा बहुतेक घरांत तिचाच असतो.

चार दिवसांचा आठवडा

सिदामाच्या जुन्या कालगणनेत आठवडा चार दिवसांचा आहे: डिक्को, डेला, कवाडो, कवालंका. प्रत्येक बाजाराची जागा यांतल्या एका दिवसाला बांधलेली. म्हणजे दर चौथ्या दिवशी इथे बाजार, उद्या पलीकडच्या टेकडीवर, परवा खालच्या गावात. पायी जाण्याच्या टप्प्यात रोज कुठे ना कुठे बाजार भरलेला असतो. ज्या घरात लोणी आणि दूध रोज निघतं आणि रोख पैसा चिमूटभर लागतो, त्याला आठवड्याच्या एका मोठ्या बाजारापेक्षा हे सोयीचं. आज बहुसंख्य सिदामा प्रोटेस्टंट ख्रिस्ती आहेत, शाळा-कचेऱ्या सात दिवसांच्या आठवड्याने चालतात, रविवारी प्रार्थनेला जायचं असतं; दोन्ही आठवडे एकाच गावात शेजारी शेजारी नांदतात.

गावातले तंटे सोंगोपुढे येतात, म्हणजे झाडाखाली बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या बैठकीपुढे. बांध सरकला, गुरं दुसऱ्याच्या परसात शिरली, नवरा-बायकोचं फाटलं. प्रत्येकाचं पूर्ण ऐकून घ्यायचं, खोटं बोलणं सर्वांत मोठा दोष, आणि निवाडा एकमताने होईपर्यंत बैठक मोडायची नाही. मयतासाठी इद्दिर नावाचं मंडळ असतं. घराघरातून थोडी थोडी वर्गणी, आणि कोणी गेलं की अन्न, माणसं, पैसा त्या घरी हजर. इक्कुब म्हणजे तर आपली भिशीच. या दोन्ही संस्था इथिओपियाभर आहेत, पण लहान जमिनीच्या या डोंगरांत त्यांचा आधार जास्त जाणवतो.

वर्षाचा सर्वांत मोठा सण फिचे-चंबलाला, सिदामाचं नववर्ष. त्याची तारीख छापील पंचांगात सापडत नाही. अय्यांतो म्हणजे आकाशाचे जाणकार चंद्र-ताऱ्यांची गती बघून दिवस ठरवतात आणि मग तो कुळाकुळांत जाहीर होतो. या सणामागची कथा वाचताना मराठी माणसाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. एक सासुरवाशीण लग्नानंतर वर्षातून एकदा माहेरी यायची, येताना बुरिसामे घेऊन यायची, आणि ते शेजारपाजाऱ्यांत वाटलं जायचं. तिच्या त्या येण्याची आठवण म्हणजे फिचे. आदल्या संध्याकाळी ओल्या फांद्यांची हुलुका नावाची कमान उभारतात आणि तिच्याखालून माणसं नव्या वर्षात जातात. दुसऱ्या दिवशी मुलं घरोघर जाऊन मोठ्यांना भेटतात आणि घरोघर त्यांच्यापुढे बुरिसामे येतं. कुळांचे प्रमुख या दिवशी सगळ्यांना सांगतात: कष्ट करा, मोठ्यांचा मान राखा, इथली मूळची झाडं तोडू नका, खोटी साक्ष देऊ नका. युनेस्कोने २०१५ मध्ये हा सण मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला.

काय बिघडतंय

१९८४-८५ च्या दुष्काळाने इथिओपियाचं नाव जगभर उपासमारीशी जोडलं गेलं. त्याचा सर्वांत भयानक तडाखा उत्तरेच्या वोल्लो आणि तिग्रेसारख्या धान्य पिकवणाऱ्या भागांना बसला. एन्सेटचा दक्षिण पट्टा त्या मानाने सावरला, आणि तेव्हापासून संशोधकांची नजर या झाडाकडे वळली.

पण या पट्ट्याला भूक शिवतच नाही असं म्हणणं चुकीचं ठरेल. २००८ साली दक्षिणेत हिरव्यागार शिवारांच्या मधोमध मुलं कुपोषणाने आजारी पडली. याला ‘हिरवा दुष्काळ’ म्हटलं गेलं. त्याची कारणं एका पावसापेक्षा जुनी होती. वाटण्या होऊन परस लहान झालेलं. चराऊ जमीन संपल्याने गुरं कमी, गुरं कमी म्हणून शेण कमी, शेण कमी म्हणून एन्सेट खुरटी. अडचणीत घरांनी कोवळी झाडं कापून टाकलेली, म्हणजे चार वर्षांनंतरचं अन्न आधीच खाऊन झालेलं. पर्याय म्हणून घेतलेला मका आणि रताळी पावसावर अवलंबून, आणि नेमका तोच चुकला. आता बऱ्याच परसांत एन्सेटच्या जागी निलगिरी आणि खात दिसतो. खात म्हणजे चघळून तरतरी आणणारा पाला. तो रोख पैसा लगेच देतो, एन्सेट पाच वर्षं थांबायला लावते. लहान जमिनीच्या कुटुंबाने खात निवडला तर त्याला दोष देणं मला जमत नाही, पण त्या पैशाने विकत घेतलेलं धान्य महाग झालं की परसात कापायला काही उरलेलं नसतं. तरुण मुलंमुली हवासाच्या कपड्यांच्या कारखान्यांकडे वळतात. मुलगी गेली की खड्डा मळणारे, सोपट खरवडणारे दोन हात कमी होतात.

सर्वांत मोठा धोका मात्र रोगाचा आहे. झँथोमोनास जातीच्या जीवाणूमुळे होणारी मर १९६८ मध्ये इथिओपियातूनच पहिल्यांदा शास्त्रीय नोंदीत आली. आधी एखादं पान पिवळं पडून मान टाकतं, मग सगळं झाड, आणि सोपट कापलं तर पिवळसर चिकट स्राव येतो. पाच-सहा वर्षं शेण घालून वाढवलेलं झाड काही आठवड्यांत जातं. २००१ मध्ये ही मर युगांडात केळीवर आढळली आणि पुढे पूर्व आफ्रिकेतल्या कितीतरी केळबागा तिने उजाड केल्या. यावर औषध नाही. काही वाण थोडा जास्त टिकाव धरतात, म्हणून परसातली वाणांची विविधता जपणं हा एक उपाय. दुसरा अगदी साधा: रोगी झाड मुळासकट उपटून पुरायचं, आणि एका झाडाला लावलेला सुरा दुसऱ्याला लावण्याआधी विस्तवावर तापवून घ्यायचा, कारण रोग पसरतो तो मुख्यत्वे पात्यावरून. शेतीचा सल्ला गावात येतो तेव्हा तो बहुधा घरातल्या पुरुषाला दिला जातो. कापणीच्या दिवशी सुरा असतो बायकांच्या हातात, आणि त्या एकमेकींच्या परसात कामाला जातात तेव्हा तो त्यांच्यासोबत जातो. म्हणून मर आटोक्यात आणायची असेल तर पहिलं शिक्षण त्या कापणीच्या टोळीला, तिथेच फळीपाशी द्यावं लागेल.